टॉवेल लावायचा नाही

हत्तुरे सर पहिल्याच रात्री म्हणाले,
गंगाधर, तू मागावरचा जॉबर, तुला कळेल:
धोटा केवढासा, पण कापड त्याच्यावर ठरतं.
दुर्बिणीचंही तसंच. आरसा आठ इंची, मान्य,
डोळा टेकतोस ती नेत्रिका मात्र अंगठ्याएवढी.

खोक्यात फुकट आलेली चार मिलिमीटरची
मी आधीच लावून बसलो होतो. अर्थातच.
तीनशे पट!
अख्ख्या अशोक चौकाला ओरडून सांगावा असा आकडा.
दिसलं काय, तर उकळत्या पाण्यात पडलेला
एक पिवळट साबुदाणा.
सर हसले नाहीत. म्हणाले,
बाराशेला चारनं भागलंस, स्लॅबला कशानं भागणार?
ऑक्टोबरात दिवसभर तापलेली गच्ची
रात्री दहापर्यंत वाफा सोडत असते.
मोठं दिसणं वेगळं, दिसणं वेगळं.

दिवाळीच्या बोनसमधून एकच घ्यायची ठरवली.
तीन आठवडे वहीत भागाकार.
चष्मा काढला तर ताऱ्याला शेपूट फुटतं,
चष्म्यासकट बघितलं तर आभाळाचा काठ चोरीला जातो.
म्हणून जरा मागे सरकून बघता येईल अशी,
डोळा आणि काच यांच्यात वीस मिलिमीटर मोकळे सोडणारी,
दहाची.
भूलक्ष्मी म्हणाली, एवढ्यात सहा चादरी आल्या असत्या.
आल्या असत्या.
मी काही बोललो नाही,
भाकरीवर शेंगाचटणी जरा जास्त घेतली.

आमच्या घरात हवेपेक्षा कापसाची लव जास्त.
पापणीवर, वरणात, देवाच्या फोटोवर.
नेत्रिकेवर बसणारच.
हात आपोआप खांद्यावरच्या टॉवेलकडे जातो
आणि मी हाताला सांगतो: नाही.
देशभरच्या लोकांची तोंडं पुसणारं गाव आपलं,
पण या काचेला टॉवेल लावायचा नाही.
शर्टाचं टोक नाही.
तोंडानं फू नाही, थुंकी उडते.
रबरी फुंकणी, मग मऊ ब्रश, नुसता टेकवल्यासारखा,
उरलेली धूळ राहू द्यायची.
धुळीच्या चार कणांनी शनी अडत नाही,
पुसताना पडलेला ओरखडा मात्र जन्मभर बघावा लागतो.
हे सर म्हणाले होते की मीच, आता आठवत नाही.

पावसाळ्यात स्टीलच्या डब्यात सिलिकाच्या पुड्या,
दोन्ही बाजूंना टोपणं,
डब्यावर खडूनं: खायचं नाही.
धाकट्यानं एकदा उघडून पाहिलंच.

परवा अम्मा गच्चीवर आली.
हजार विड्या वळून झाल्या होत्या,
पाठ अजून सुपावर वाकलेलीच.
म्हणालो, डोळा टेकव, पण धरू नको.
तिनं आधी धरलं. मग टेकवला.
बराच वेळ काहीच नाही.
खाली कुणाचा तरी माग खडखडत होता, रात्रपाळीचा.
मग म्हणाली, अय्यो,
ह्याला पण कुणीतरी मधोमध दोरा बांधलाय.
आणि थोड्या वेळानं:
सैल बांधलाय. कारखान्यात छाट काढतील.

ती खाली गेल्यावर
लाल कागद लावलेल्या टॉर्चमध्ये बघितलं,
काचेवर अर्धा अंगठा, तेलकट, तंबाखूचा.
धूळ चालते, तेल चालत नाही.
काचेवरचा लेप हळूहळू खातं ते.
औषधाच्या दुकानातून कापूस आणला,
कापूस! आमच्या घरात, विकत,
दोन थेंब स्पिरिट, तेही कापसावर, काचेवर नाही,
मधून काठाकडे, वजन न देता, एकदाच.
तो बोळा टाकून दुसरा.

डाग गेला.
वास राहिलाय, रबराच्या कडेला.
दहाची लावली की आधी तंबाखू येते,
मग शनी.