अकरा महिने

पोकळे येतो सातच्या सुमाराला, धायरीहून,
पाठीवर लॅपटॉप, खिशात अंगठ्याचं यंत्र.
बूट काढता काढता दरवर्षी विचारतो,
"मालक कोण आणि भाडेकरू कोण म्हणालात?"
आम्ही एकाच सोफ्यावर बसलेल्या.
हेमांगी हात वर करते, वर्गात करतात तसा.
मग मी.

हा आठवा करार.
धनकवडी, तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर.
भाडं नऊ हजार, एक तारखेला मी तिला पाठवते,
दोन तारखेला त्याचाच आमचा किराणा येतो.
पत्त्याचा पुरावा लागतो ना माणसाला.
सोसायटीच्या वहीत मी आहे: भाडेकरू, महिला, एकटी.
पोलीस चौकीतही तेच.
बारा वर्षं एका ताटात जेवून
माझं तिच्याशी कागदावर सिद्ध होणारं
एवढं एकच नातं,
आणि ते अकरा महिन्यांत संपतं.

जुई आली तेव्हा कायद्याला एकच आई चालत होती.
अजूनही एकच चालते.
बाई घर बघायला येणार त्या दिवशी
मी माझा ब्रश, चपलांचा दुसरा जोड
आणि उशीचा अभ्रा पिशवीत कोंबून
सासवडला बहिणीकडे गेले.
रात्री हेमांगीचा फोन, "आवडलं त्यांना.
म्हणाल्या, एकटीनं किती नीटनेटकं ठेवलंय."
आवरलं मीच होतं.
बराच वेळ हसलो दोघी,
मग कोणीच फोन ठेवेना.

शाळेच्या फॉर्मवर आईचं नाव, वडिलांचं नाव,
आणि तळाशी: न्यायला येणारी व्यक्ती.
ती मी. फोटोसकट.
"आऊ म्हणजे आत्या का गं?" नव्या बाईंनी विचारलं.
"आऊ म्हणजे आऊ," जुई म्हणाली.
"आई रागावते, आऊ डबा देते. कधी कधी उलट."

कोपर मोडलं तेव्हा हेमांगी ऑडिटला नांदेडला.
दवाखान्यात मी पेन उचललं,
काउंटरवरचा मुलगा अगदी अदबीनं म्हणाला,
"मावशी, आईची सही लागेल."
नांदेडहून सहीचा फोटो यायला एक तास वीस मिनिटं.
तेवढ्यात जुईनं मला सहाचा पाढा म्हणून दाखवला, तीनदा,
मी रडू नये म्हणून.

हेमांगीनं मृत्युपत्र केलंय.
माझ्यामागे जुईची पालक: वैजयंती कुंभोजकर.
वकीलबाई कागद चष्म्याजवळ नेत म्हणाल्या,
"इच्छा म्हणून ठीक आहे. पुढे न्यायाधीश मानतील तसं."

"तुमचा अंगठा काही उमटेना," पोकळे म्हणतो.
टिळक रोडला माझं बाइंडिंगचं दुकान.
खळ, पुठ्ठा, दोरा, परक्यांच्या प्रबंधांवर
सोनेरी अक्षरांत परक्यांची नावं,
रेषा कधीच झिजल्यात.
ओल्या फडक्यानं पूस, खोबरेल लाव, पुन्हा दाब.
चौथ्यांदा यंत्र हिरवं होतं.

जुई आपलाही अंगठा पुढे करते.
"माझा पण घ्या. मी साक्षीदार."
"साक्षीदार अठरा वर्षांचा लागतो, बाळा."
ती बोटांवर मोजते, बोटं संपतात, एक उरतो.
"अकरा," म्हणते.
"बरोबर," पोकळे म्हणतो, "अकराच महिने,"
आणि लॅपटॉप मिटतो.

रात्री प्रत वाचत बसते.
कलम नऊ: भाडेकरूने भिंतींना खिळे ठोकू नयेत.
मी चार ठोकलेत.
कॅलेंडर, आरसा, किल्ल्या,
आणि एक अगदी खाली, तिच्या दप्तरासाठी.
तिला आता वाकावं लागतं तिथे.
रविवारी तो वीतभर वर घ्यायला हवा.
हातोडी कुठे ठेवलीय
ते मालकिणीला विचारते.