बाइजचा रकाना

भुसावळच्या रेल्वे मैदानावर मी स्कोअर लिहायचो.
पेन्सिल साहेबाची, वही साहेबाची,
ऊन तेवढं आपलं.

जुम्मा तडवी यावलकडून आला,
लोको शेडच्या मस्टरवर त्याला खलाशी लिहिलं.
कोळशाला हात लावला नाही त्याने.
हात विकत घेतले होते ते स्टंपांमागे उभं राहायला,
मॅचमागे तीन रुपये
आणि चहा, बाहेर बसून.

काथ्याच्या मॅटिंगवर चेंडू
तापल्या तव्यावरच्या थेंबासारखा उडायचा.
ग्लोव्हज कुणा गार्डसाहेबाचे उतरलेले, तळवा फाटका.
जुम्मा केळीचा खुंट सोलायचा,
ओले पदर आत भरायचा.
दुपारी त्याच्या मनगटांवरून पाणी ओघळायचं,
बाह्यांवर चिकाचे काळे डाग,
ते कधीच निघाले नाहीत.

साहेबाने पहिल्याच दिवशी वहीत नाव घातलं : टार्व्ही, जे.
मी तेच गिरवत गेलो, हंगामामागून हंगाम.
रबर होतं माझ्याकडे.

अमळनेरच्या मिलने पाच रुपये दिले, वर एक खोली.
गेला.
जळगावच्या वकिलांनी सायकल दिली, तिकडे गेला.
धुळ्याने नुसतंच तोंडभरून बोलावलं,
तिकडे नाही गेला.
"पोट जठे, बोट तठे,"
अमळनेरात उचललेल्या अहिराणीत म्हणायचा
आणि बोटं पसरून दाखवायचा,
फाट्यावरच्या पाट्यांसारखी :
एक रावेरकडे, एक चाळीसगावकडे,
करंगळी तर थेट आभाळात.

शेवटी पुन्हा भुसावळ.
पुन्हा खलाशी, आता खरोखरचा, कोळशासकट.

फलंदाजाची शंभरी लोक नातवंडांना सांगतात.
कीपरचं मोजमाप उलटं,
बाइजच्या रकान्यात काही नसणं.
मी शून्यं काढली, एकाखाली एक,
पुढे पुढे तर न बघताच.

फंडाचे पैसे सुटले तेव्हा कारकुनाने अंगठा मागितला.
उमटला तो आडवा, मध्येच तुटलेला,
जुन्या कागदाशी जुळेना.
"हा तो नव्हे."
मी वही घेऊन गेलो. नाव काढलं तर टार्व्ही.
मग रकाना दाखवला.
कारकुनाने पानं उलटली, चष्मा पुसला,
म्हणाला, यात तर काहीच नाही.

मी काही बोलणार, तोच कोपराचा धक्का लागून
दौत टेबलावरून सुटली.
जुम्मा दुसरीकडेच बघत होता,
खिडकीबाहेर, केळीच्या वॅगनींकडे.

दौत त्याच्या हातात होती.
थेंब सांडला नव्हता.