पासंग

उदगीरला मोंढ्याच्या मागच्या गल्लीत
माझं वजनकाट्यांचं दुकान आहे.
आडतीवरचे मोठे काटे, सोनारांचे काचेच्या पेटीतले,
भाजीवाल्या बायांची तागडी (ती आता वर्षात एखादी)
उघडतो, पुसतो, वजनमापवाल्यांचा शिक्का मारून आणतो.
पंचेचाळीस वर्षांत एवढंच शिकलो :
पारडं रिकामं असताना झुकतो, तो काटा खोटा.
भरल्यावर झुकतो, ते त्याचं काम.

चौकातली पतसंस्था बुडाली
तेव्हा माझे दोन लाख दहा हजार आत होते.
उद्घाटनाला पेढा खाल्ला होता मी तिथे.
दारावर पितळी अक्षरांची पाटी :
'आपला पैसा, आपल्याच घरात'.
कुलूप लागलं त्या दिवशीही ती चकचकीत होती.
खाली खुर्चीवर वॉचमन,
त्याचेही नऊ हजार आतच.

मग मन्मथ हुरदळ्याची पोरगी आली, शिवलीला.
स्कूटी पायरीला टेकवली, हेल्मेट काट्यावर ठेवलं.
सातशे साठ ग्रॅम.
"काका, महिन्याला पाचशे. सात तारखेला आपोआप कटतील."
मी म्हटलं, बुडणार नाहीत कशावरून?
वाटलं, आता ही लेकराबाळांची शपथ घेईल,
चेअरमननं घेतली होती तशी.
तर म्हणते, "कमी होऊ शकतात. लई कमीबी."
आणि टीव्हीवर जे एका दमात उरकतात
ते कागदाच्या तळचं मुंगीएवढं वाक्य
तिनं बोट ठेवून वाचलं.
बाजारातील.
जोखमींच्या.
अधीन.

मी चष्मा पुसला.
तुला काय सुटतं यात?
तिनं आकडा सांगितला. माझ्याच पैशातून जाणार होता.
म्हटलं, हा पासंग झाला बाई.
पण दिसतो तो पासंग धरून तोलता येतं.
न दिसणाऱ्यानं घर धुतलं होतं माझं.
सही केली.

तिसऱ्या वर्षी मोबाइलवर सगळं लाल.
सोळा हजार भरलेले, दिसतात तेरा हजार नऊशे.
सुलोचना म्हणाली, "गेले की वो हेबी."
इथे मला म्हणता आलं असतं :
हमालानं पोतं टाकलं की काटा थरथरतो,
हात काढायचा, थांबायचं, मग वाचायचं.
गिऱ्हाइकाला रोज सांगतो मी हे.
पण खरं ते सांगतो,
रात्री दोन वाजता बंद करायला बसलो
आणि ते बटणच सापडलं नाही.
सकाळी शिवलीलाचा फोन लागेना.
दुपारी आडतीचा काटा अडकला, तिकडे गेलो.
राहून गेलं.

कधी मोंढ्यात सिमेंटचा ट्रक रिकामा होताना
गोणीवरचं नाव ओळखीचं वाटतं,
त्या सहामाही कागदावर वाचलेलं.
मुंबईत कुणी एक माणूस,
त्यानं उदगीर पाहिलंही नसेल,
माझे पाचशे कुणाच्या तरी पाचशेत कालवून
यातलं चिमूटभर विकत घेतो म्हणे.
हमाल ओरडतो, काका, सरका.
सरकतो.

परवा पतसंस्थेच्या सामानाचा लिलाव झाला.
भंगार तोलायला काटा माझाच नेला.
तिजोरी चारशे बारा किलो, आत उंदरांनी कुरतडलेले कागद.
चेअरमनची फिरती खुर्ची सव्वीस.
शेवटी पाटी आली. मी आधी काटा शून्यावर घेतला,
दोनदा पाहिलं,
मग ठेवू दिली.
सहा किलो चारशे ग्रॅम.
भंगारवाला म्हणाला, सहाच धरू.
मी म्हटलं, चारशे लिही.

खिशात मोबाइल थरथरला.
सात तारीख होती.