फुगलेली पातळी

उणे एकतीस. खिडकीतून तळं दिसत नाही,
नुसता गिरणीचा पिवळा उजेड
बर्फाला चिकटलेला.
आत चौदा पडदे, कॉफीचं करपलेलं भांडं,
आणि बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची हिरवी रेघ:
पन्नास टक्के. पन्नास टक्के. पन्नास.

तिला तिथे धरून ठेवणारा कंट्रोलर
फार शिकलेला नाही.
हवं किती, आहे किती, फरक किती
एवढंच पुटपुटतो दर सेकंदाला,
झडप केसभर उघडतो, केसभर मिटतो.
मागच्या चुका मात्र गाठीला बांधतो;
झडप कुठे अडकून बसली
की गाठ फुगत जाते, फुगत जाते,
आणि सुटली की सगळा हिशोब एकदम वसूल.
(असा एक मेहुणा होता मला. असो.)

ताइस्तोने हे शिकवलं तेव्हा मी चोवीसची होते.
सॉनात बसून म्हणाला: दगडावर पळीभर पाणी टाक,
आणि घाम फुटेपर्यंत दुसरी पळी उचलू नकोस.
उतावळ्याला वाटतं, काहीच झालं नाही.
मग तोच पहिला पळतो दाराकडे.

आज पहाटे तीनला
वाफ मोजणारी बारीक नळी गोठली.
कंट्रोलरचा एक डोळा गेला.
तेवढ्यात दोन नंबरच्या यंत्रावरून ओस्सी फोनवर ओरडला:
तुटलेला कागद पुन्हा धरलाय, वाफ द्या!
वाफ गेली. दाब पडला.
आणि हिरवी रेघ चढू लागली,
चोपन्न, अठ्ठावन्न, त्रेसष्ट.

कंट्रोलर झडप मिटू लागला.
त्याला दिसत होतं त्यापुरता तो बरोबर होता.
नव्या पोराचा, एल्मेरीचा, हातही तिकडेच गेला:
पाणी जास्त झालंय, इर्या!
मी त्याचं मनगट धरलं.
दाब उतरला की पाण्यातला एकेक बुडबुडा
अंग फुगवतो, अन् रितं होत चाललेलं भांडं
भरल्यासारखं दिसतं.

कंट्रोलर बाजूला सारला, झडप हातात घेतली,
त्रेसष्टच्या तोंडावर आणखी पाणी सोडलं.
पोरगं भिंतीवरच्या लाल बटणाकडे बघत होतं.
दोन मिनिटं. तीन.
मग बुडबुडे विरले आणि रेघ कोसळली,
बावन्न, पंचेचाळीस, एक्केचाळीस,
आणि तिथे तिला पाणी भेटलं,
आधीच निघालेलं.

सहाला नळी शेकून मोकळी केली.
बाहेर रात्रच; इथे या महिन्यात
सकाळ फक्त घड्याळात होते.

गाडीत बसून वेन्लाला फोन लावला.
तीन आठवडे झाले, पोरगी फोनवर फार हसते आहे.
नवी नोकरी, नवं घर, सगळं छान गं आई, मस्त.
रेघ वर, वर.
आज मी कशी आहेस विचारलं नाही.
विचारलं, काल रात्री काय जेवलीस?
झोपलीस किती वाजता?

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.
मग नाक ओढल्याचा बारीक आवाज.
मी काही बोलले नाही.
तोवर गाडी दक्षिणेच्या रस्त्याला लागली होती.