चार लिटर

बावीस वर्षं मी एकच वाक्य विकलं,
मासे त्याच्यासोबत जायचे:
काळजी नको, भांड्याएवढाच वाढतो तो.
ओस्त्रावाच्या मागल्या गल्लीत माझं दुकान.
आत कायमची ओल, फळीवर काचेची गोल भांडी,
मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं.
अंथरूण पाहून पाय पसरणारा शहाणा जीव आहे,
असं मी पोरांच्या आयांना सांगायचे
आणि कुणालाच आठवायचं नाही
की माशाला पाय नसतात.

कुबेना आला तो गुरुवार होता.
खाणी बंद होऊन जमाना झाला,
हा माणूस अजून उघड्या रस्त्यावरही
डोक्यावर छत असल्यासारखा चालतो.
हातात लोणच्याची बरणी, बरणीत नातीचा मासा.
क्वेतानं चार वर्षांपूर्वी जत्रेत नेमबाजीत जिंकलेला.
भांडं मात्र माझ्याकडचं. चार लिटर.

"बघा," म्हणाला, "वाढला नाही. तुम्ही म्हणालात तस्सा."

मी बघितलं.
अंगठ्याएवढा देह, रंग धुतलेल्या विटेचा.
पण डोळे वाढले होते.
थांबायचा निरोप डोळ्यांपर्यंत पोचला नसावा.
मोठ्या माशाचे दोन डोळे
लहान माशाच्या तोंडावर,
आणि शेपटीच्या जरा अलीकडे पाठ
मोडून वाकडी सांधल्यासारखी.

नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं.
पिवळं राहायला हवं होतं.
ते नारिंगी झालं. मग कलेजीसारखं.
"हे काय?"
त्याचंच, म्हटलं. त्यानंच सोडलेलं, त्याच्याच भोवती साचलेलं.
दिसत नाही. वासही येत नाही.

कुबेना नळीकडे बराच वेळ बघत राहिला.
आमच्याकडे दिवा असायचा, म्हणाला.
वायू साचला की ज्योतीवर निळी टोपी चढायची,
आम्ही मागे फिरायचो.
याच्याकडे काय होतं?

मग, मी विचारलं नव्हतं तरी:
"आमचा थर सत्तर सेंटिमीटरचा.
कोपरांवर सरकायचं, कुशीवर पडून खणायचं.
एकोणीस वर्षं.
पाहुणे आले की साहेब सांगायचा, माणसं सरावतात.
सरावलो नाही हो.
आडवे झालो."

माझ्या पाठीमागे भांडी चकाकत होती.

दोनशे चाळीस लिटरची टाकी त्यानं हप्त्यांवर घेतली.
लिफ्टमध्ये मावेना, म्हणून सातव्या मजल्यापर्यंत जिन्यानं,
जावई पुढे, हा मागे, वळणागणिक एक शिवी,
क्वेता दारं धरून उभी.
मग पाच आठवडे नुसतंच पाणी फिरत ठेवलं,
ती न दिसणारी जिवांची वस्ती बसेपर्यंत.
तोवर मासा बादलीत
आणि रोज अर्धी बादली बदलणारा म्हातारा.
शेजारीण म्हणे, रिकाम्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसतो.

वाढला का?
थोडा. दोन वर्षांत माझ्या मधल्या बोटाएवढा.
रंग आला. भूक आली.
पाठ आली नाही.
ते हाड घडायचे दिवस
चार लिटरमध्ये जाऊन आले होते.

दर गुरुवारी कुबेनाचा फोन येतो.
"पिवळं," म्हणतो, आणि ठेवून देतो.

फळीवरची सगळी भांडी काढून टाकली,
असं लिहायला मला आवडलं असतं.
चार अजून आहेत.
एकात सुटी नाणी, एकात हायसिंथचा कंद,
दोन तशीच, पुसलेली.
परवा एका पोरानं बोट केलं,
यात मासा नाही मावत?

मावतो, म्हणाले मी.
मावतो ना.
तेच तर.