डोकं नसलेला कोट

वडील पाट्या रंगवायचे.
द्विना नदीकाठच्या आमच्या गावात
वाचता येणारे थोडे, भूक लागणारे सगळे.
म्हणून बेकरीवर पाव,
न्हाव्याच्या दारावर मनगटापासून तोडलेला हात, हातात कात्री,
आणि झुंडल शिंप्याच्या पाटीवर कोट:
काळा, बटणं लावलेला, खांद्यांत ताठ.
वर डोकं नाही.
डोक्याचे तीस कोपेक वेगळे पडतील, वडील म्हणाले होते.
झुंडल म्हणाला, मग राहू दे.

विसाच्या हिवाळ्यात कलाशाळेची पोरं आली,
बाहीवर काळा चौकोन शिवलेली.
त्यांतली राइसा, बुटांत वर्तमानपत्र कोंबलेली,
कोटाखाली उभी राहिली, खांद्यांवर बर्फ साचेपर्यंत.
"तुम्ही माणूस काढून टाकलात,
आणि तरी तो उभाच आहे.
कसं केलंत?"
वडिलांनी तीस कोपेकांचा हिशेब सांगितला.
ती हसली नाही. वहीत उतरवून घेतला.

मग कमिटीचा कागद आला.
भिंती पांढऱ्या झाल्या, त्यांवर हिरवे गोल, केशरी पट्टे,
जणू आभाळ कुणी दुरुस्तीला उघडून ठेवलंय.
वडिलांचा पाव सफेद्याखाली गेला,
त्याच्या कवचावरची ती बारीक भेगसुद्धा,
जिच्यासाठी त्यांनी एकदा अख्खा शुक्रवार घालवला होता.
त्या जागी राइसा लाल वर्तुळ काढत होती.
बोटं गारठलेली; वर्तुळाचा बटाटा झाला.

वडील खिडकीतून बघत होते.
बघवेना.
सपाता घालूनच बाहेर पडले,
फळीच्या मधोमध खिळा ठोकला, सुतळी बांधली, टोकाला कोळसा.
"काहीच काढायचं नसेल," ते म्हणाले,
"तर ते नीट काढावं."

आत पाव मिळतो हे लोकांना कसं कळणार, आईनं विचारलं.
गदाल्या बेकरीवाला दारातच होता, हातांना पीठ नाही.
"आत पाव नाहीच आहे," तो म्हणाला.
"पहिल्यांदाच पाटी खरं बोलतेय."

परवा नातू मला मोठ्या शहरातल्या संग्रहालयात घेऊन गेला.
ती फळी तिथं आहे. काचेमागे, उजेडात.
खाली: कलाकार अज्ञात.
मधोमध खिळ्याचं भोक.
मी बोट पुढे केलं तशी पहारेकरीण ओरडली,
आजी, मागे व्हा.

झाले मागे.
सुतळी घरी आहे.
उन्हाळ्यात तिनं टोमॅटोची रोपं बांधते,
बरी टिकलीय.