चालत राहण्याचा सराव

ऋजुताचा फोन येतो शिकागोहून,
तिच्याकडे रात्र, माझ्याकडे कुकरची दुसरी शिट्टी.
"आई, लिहून घे.
पासपोर्ट घरीच, सोबत फक्त झेरॉक्स.
पैसे दोन ठिकाणी.
ट्रेनमध्ये दाराशी बसून मोबाइल काढायचा नाही,
आणि रिकामा डबा दिसला म्हणून
खूश होऊन चढायचं नाही,
रिकामा असतो त्याला कारण असतं."

मी लाइटच्या बिलामागे लिहीत जाते.

"आणि रस्ता चुकलीस तरी उभी राहू नकोस.
चालत राहा, सगळं ठाऊक असल्यासारखी."

इथे पेन थांबलं.

दोन सिंहस्थांत मी रामकुंडाजवळच्या मंडपात
हरवलेल्यांच्या माइकवर होते.
महापालिकेची ड्युटी, गालात खडीसाखर.
"देवळ्याच्या ठकूबाई निरभवणे,
हिरवं लुगडं, डाव्या हातावर गोंदण,
जिथे असाल तिथेच उभ्या राहा."
चालणारं माणूस सापडत नाही.
एक म्हातारा दुपारभर
दुतोंड्या मारुतीला फेऱ्या घालत होता
आणि त्याचा मुलगाही,
त्याच दिशेने, त्याच वेगाने.

हे सांगितलं तिला. ती हसली, मग म्हणाली,
"आई, इथे मंडप नाही गं.
तुला शोधायला मी एकटी,
आणि मी पाचपर्यंत ऑफिसात."

म्हणून हल्ली रोज संध्याकाळी सराव.
रविवार कारंजापासून मेनरोडने,
पर्स पोटाशी, नजर समोर,
कुणी हसलं तरी थांबायचं नाही.
विसपुते सरांचा नमस्कार
मी तसाच ओलांडून गेले.
त्यांनी घरी फोन करून यांना विचारलं,
"वहिनींचं काही बिनसलंय का?"

काल भद्रकालीत एक रिक्षा हळू झाली.
"मावशी, काय हरवलं?"
"काही नाही," म्हटलं, आणि चालत राहिले,
चुकीच्या गल्लीत, पण झोकात.

पर्सच्या आतल्या कप्प्यात चिठ्ठी आहे.
ऋजुताचा नंबर, तिचा पत्ता,
आणि खाली, हाताला सवयच ती,
"निळी साडी, चष्मा, उंची पाच फूट,
मराठी बोलते.
कुणाला आढळल्यास"

पुढे कुठे आणून सोडा,
ते अजून लिहिलेलं नाही.